खोलीची गोळी

मंगळवार, दुपार

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. मी मजेत. नोकरी सोडली हे तुझ्या कानावर आलंच असेल. छपाईच्या दुकानात उभं राहून पायांचे खांब झाले होते. दुसरी मिळेपर्यंत तुझ्या लेकीच्या हॉस्टेलवर चोरून राहतेय. इथल्या रेक्टरबाईंच्या चपला अशा वाजतात की... असो, भलतीकडेच चालले.

फोन केला असता, पण फोनवर तू "आता काय नवीन केलंस?"च्या पुढे बोलूच देत नाहीस.

खोलीत चौघी आहेत. सगळ्या हुशार. एक तर किड्यांच्या पायांवर तासभर बोलते. हॉस्टेल सोडताना एका सीनियरने यांना दिवस जाऊ नयेत म्हणून घ्यायची एक गोळी दिली, वर ज्ञानही दिलं, "एक घेतली की महिनाभर चिंता नाही." ती खोलीची गोळी. गरज पडेल तिने घ्यायची, नवी आणून ठेवायची. गेल्या महिन्यात एकीने घेतली आणि महिनाभर निर्धास्त राहिली. आता पाळी चुकलीय.

"अगं, सोबतचा कागद कुणी वाचला का?" मी विचारलं.

"कागद कुठे होता? सुटी गोळी होती."

मग त्या कागदासाठी तीच गोळी आणायला मीच औषधाच्या दुकानात गेले. औषधवाला सगळ्यांदेखत ओरडला, "कुणासाठी? लग्न झालंय का?"

"काका, मी तुम्हाला मागणी घालायला नाही आले."

लोक हसले, पाकीट मिळालं. खोलीत मोठ्याने वाचलं. संबंध आल्यानंतर जितक्या लवकर घ्याल तितकं बरं. पुढच्या वेळेसाठी उपयोग नाही. दिवस आधीच गेले असतील तर काहीच उपयोग नाही. चिडून कागद दारावर चिकटवला, तर किडेवाली म्हणते, "काढ गं, रेक्टर बघतील!" डोकंच फिरलं माझं.

आणि तू! शाळेत तुझ्याच तासाला मूल कसं होतं तो धडा आला तेव्हा फळ्याकडे तोंड करून म्हणालीस, "हा घरी वाचा." घरी उघडला तर पुस्तक तूच मिटलंस. माझं सोड, मी कुठलाच धडा धड वाचला नाही. पण तिने बाकीचे सगळे पाठ केले. तुझ्या शब्दाबाहेर कधी गेली नाही.

हो, तुझी लेकच. किती वेळ "एकीने, एकीने" करत बसू?

काल तपासलं. दिवस गेलेत. "आईला कळलं तर शिक्षण बंद," एवढंच म्हणते. शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय. पुढे काय ते तीच ठरवेल, असं त्या म्हणाल्या. मी जाईन सोबत, पण ती उशीत तोंड खुपसून हाक मारते ती तुला. तिला विचारूनच लिहितेय. तिने मान डोलावली.

ये. पण तिचं सामान बांधायला येणार असशील तर नको येऊस. मग मी पुरेशी आहे.

सध्या तुझी नाही, तिची,
भिंगरी