पाठ थोपटणं

३ फेब्रुवारी

ताईला नोकरी लागली! दुसऱ्या शहरात, एक मार्चला रुजू व्हायचंय. काका, आत्या, शेजारीण, जो येतो तो तिची पाठ थोपटून जातो.

माझीही पाठ रोज थोपटली जाते. सकाळी मी उशीवर पालथी पडते, ताई तळहात खोलगट करून बरगड्यांवर थापट्या मारते, कफ सुटतो, मी डबीत थुंकते. कौतुकाचा प्रश्नच नाही.

मी अभिनंदनसुद्धा केलं नाही. जा म्हणावं! पण ती गेल्यावर माझी पाठ कोण थोपटणार, हे एकानंही विचारलं नाही. आईच्या मनगटात जोर नाही. बाबा इतकं हळू मारतात की झोप येते.

६ फेब्रुवारी

दवाखाना. प्रयोगशाळेतल्या बाईंना संशोधनासाठी माझा कफ लागतो. "तुझा नमुना फार छान असतो!" आयुष्यात मिळालेली एवढी एकच शाबासकी.

त्यात शोधता तरी काय, विचारलं. म्हणाल्या, फुप्फुसात पहारेकरी प्रथिनं असतात, ती जंतूंना चिकटून पकडून देतात. मग पांढऱ्या पेशी धावून येतात. पण तुझ्या आजारात, सिस्टिक फायब्रोसिसमध्ये, या पेशींची एवढी गर्दी होते की त्यांच्यातून सुटणारा रस पहारेकऱ्यांचेच तुकडे करून टाकतो.

"म्हणजे कुंपणच शेत खातं की!" मी म्हटलं. त्या हसल्या. मला नाही आलं हसू. जन्मभर गोळ्या, वाफा, थापट्या — आणि मला खातंय कोण, तर माझंच सैन्य!

आता तुलनेसाठी त्यांना घरातल्याच एखाद्या निरोगी माणसाचा नमुना हवाय. आईचं बोट लगेच ताईकडे. माझा आजार कळला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हा आजार भावंडांतही असू शकतो, घामातल्या मिठावरून कळतो, मोठीच्याही घामाची तपासणी करून घ्या. आईनं केली नाही. "गुटगुटीत पोर, हिला काय धाड भरलीय!" — अजून अभिमानानं सांगते.

१० फेब्रुवारी

ताईनं नमुना दिला. निरोगी माणसाला मागून कफ येत नाही, म्हणून आधी खारट पाण्याची वाफ देतात. ताईसाहेबांनी वाफेआधीच डबी भरली! "मला ॲलर्जी आहे ना," म्हणे. इथेही हिचाच पहिला नंबर.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी डबी उजेडात धरली, झाकण घट्ट लावलं. हिला नाही म्हणाल्या, छान नमुना.

१६ फेब्रुवारी

भांडण. ती बॅग भरत होती. मी म्हटलं, "जा ना एकदाची! खोली तरी माझी एकटीची होईल."

ती खोकली, पाणी प्यायली. मग म्हणाली, "आईला शिकवलंय मी. तुझ्यावर मारायला घाबरते, म्हणून उशीवर सराव करते. तुला सांगू नको म्हणाली होती."

रडू आलं. राग गेला नाही, तो नाहीच.

२२ फेब्रुवारी

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन, आईला. मोठीला घेऊन या. तिच्याही नमुन्यात पहारेकऱ्यांचे तुकडेच तुकडे आहेत. घामाची तपासणी करू.

आई नुसतीच हो हो करत होती. फोन ठेवल्यावर ताईला म्हणाली, "काहीतरी चुकलं असेल गं त्यांचं."

२७ फेब्रुवारी

चुकलं नव्हतं. ताईलाही तेच. सौम्य आहे, पण तेच!

एकीचे जंतू दुसरीला लागतात, दोघींनी एका खोलीत राहायचं नाही — डॉक्टरांनी बजावलं. ताईची गादी बाहेरच्या खोलीत गेली. भरलेली बॅगही तिथेच आहे.

खोली माझी एकटीची झाली.

१ मार्च

सकाळी आईनं पाठ थोपटली. आधी माझी. मग हात धुऊन, बाहेरच्या खोलीचं दार लावून, ताईची. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

चांगलाच जोर आहे आईच्या मनगटात.