दीड टन आणि अन्योन्याश्रय

३० जून २०१८
ओटावात एवढा उष्मा, हा वदतोव्याघात आहे. सुनेत्रा उशी घेऊन बेसमेंटमध्ये झोपायला गेली. साध्य निश्चित केले: पत्नीने वरच्या बेडरूममध्ये परत येणे. साधन: विंडो एसी. नागपुरात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. एक यंत्र निवडणे अवघड नाही. उद्या निकाल.

१ जुलै
कॅनडा डे. दुकाने बंद. निकाल लांबला, माझ्यामुळे नव्हे.
पुष्करचा फोन. म्हणाला, बाबा, दीडशे स्क्वेअर फुटांची खोली आहे, सहा हजार बीटीयूचा उचला आणि मोकळे व्हा, प्लीज ओव्हरथिंक करू नका. बीटीयूची व्याख्या विचारली. म्हणाला, गुगल करा. मुलाला इंजिनिअर केले. व्याख्या करायला शिकवायचे राहिले.

२ जुलै
गंभीर पेच. खोलीत किती माणसे झोपणार, यावर एसीची साइझ ठरते. सुनेत्रा येणार की नाही, हे एसीवर अवलंबून; एसी केवढा, हे सुनेत्रावर अवलंबून. शुद्ध अन्योन्याश्रय दोष.
जिन्यावरून विचारले, तू येणार असे गृहीत धरू का? म्हणाली, अहो, आधी एसी तर आणा. मी म्हणालो, आधी उत्तर. म्हणाली, मग बसा घामात!
उत्तर प्रश्नाला धरून नव्हते.

३ जुलै
शेजारचा डेस्मंड येऊन गेला. मूळचा वसईचा, माणूस चांगला, पण घाई फार. म्हणाला, काका, एसी संपत आलेत, मिळेल तो घ्या, गाडी काढू का? नकार दिला. उपलब्धता हे प्रमाण नव्हे.
दोन वेळा अंघोळ.

४ जुलै
तीन वेळा अंघोळ. तिसऱ्या अंघोळीत दोष सुटला! नागपूरच्या बेडरूमला दीड टन पुरत असे. दीड टन म्हणजे अठरा हजार बीटीयू. मोठ्यात लहान समाविष्ट असतेच. म्हणून माणसे एक असोत वा दोन, सिद्धांत अबाधित.
डेस्मंडच्या गाडीतून यंत्र आणले. तो म्हणाला, काका, हा तुमच्या बेडरूमचा नाय, आमच्या चर्चच्या हॉलचा वाटतो. जिना चढताना तो आणखीही काही बोलला. अर्थ विचारला नाही.

५ जुलै, सकाळ
यंत्र खिडकीत जात नाही. प्लग भिंतीत जात नाही. खोली आणि यंत्र यांच्यात तात्त्विक विरोध काहीच नाही. आड येते ती केवळ खिडकी.
सुनेत्राने वर डोकावून पाहिले. हसली नाही. हे जास्त लागले.

५ जुलै, संध्याकाळ
केवळ तुलनात्मक निरीक्षणासाठी उशी घेऊन बेसमेंटमध्ये उतरलो. खाली फारच गार. सुनेत्रा म्हणाली, या की, जागा आहे. फक्त इथे काही सिद्ध करू नका.
ही अट तत्त्वतः अमान्य केली आणि कारणे सांगू लागलो. चौथ्या कारणाला तिने उशी उचलली आणि ती वर गेली.
म्हणजे पत्नी वरच्या बेडरूममध्ये परतली. साध्य सिद्ध झाले, तेही विजेशिवाय.
तिने दार आतून लावून घेतले आहे. एवढ्या उष्म्यात दार का लावले, याचे कारण शोधावे लागेल.