अपूर्वचा डबा आणि माझी उर्वरित मिळकत

मी, शोभा कृष्णकांत पांढरीपांडे, वय वर्षे सत्तर, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार प्रतापनगर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी उभी नोकरी नोंदणी कार्यालयात लोकांची मृत्युपत्रे दाखल करून घेण्यात गेली. त्या सगळ्यांत ‘आनंदाने व समाधानाने लिहून ठेवीत आहे’ असे एक वाक्य असायचे. माझ्या मृत्युपत्रात ते नाही. मी हे रागाने लिहीत आहे. राग येणे म्हणजे भान सुटणे नव्हे. माझी बुद्धी शाबूत आहे, आठवण चोख आहे, मोतीबिंदू काढल्यापासून नजरही बरी आहे, आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

शेजारचे नत्थूजी, जे याच्यावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत, मला म्हणाले, “बाई, राग थंडा झाला की मंग लिहा नं. इतकी काहून घाई करून राहिल्या?”

मी म्हटले, “थंडा झाला तर भावाला माफ करून बसेन, नत्थूजी. म्हणून.”

कलम १. माझे पती कृष्णकांत, गणिताचे शिक्षक, आता हयात नाहीत. मुलगा अपूर्व १९९८ च्या पावसाळ्यात मेंदूज्वराने गेला. चौदा वर्षांचा होता. मुलगी नूपुर विवाहित असून नागपुरातच राहते. तीच माझी एकमेव वारस. धाकटा भाऊ सुमंत गोविंद देशकर अमेरिकेत नोकरी करून निवृत्तीनंतर वर्धा रोडला राहायला आला. त्याचे नाव मी नात्यापोटी घातलेले नाही. पुढे लागणार आहे म्हणून घातले आहे.

कलम २. प्रतापनगरची सदनिका मी नूपुरला देते. ती एकटीच्या नावावर करून घ्यावी. जावयांचे नाव लावण्याची घाई करू नये. जावई चांगले आहेत. भाऊही चांगला होता.

कलम ३. बँकेतील ठेवी नूपुरच्या. त्यातली एक पावती मी आधीच तुळसाबाईंच्या नावावर केली आहे. तिला कोणी हात लावू नये. शिवणयंत्र आणि फ्रीजही त्यांनाच द्यावा. अपूर्वच्या आजारात मी दवाखान्यात असताना माझे घर या बाईंनी चालवले. ‘कामवालीला एवढे?’ असे कोणी विचारलेच, तर त्या वेळी आपण कुठे होतो ते आधी आठवून पाहावे.

कलम ४. आता डब्याविषयी. हे कलम लांबणार आहे. कार्यालयात मी लोकांना सांगत असे की मृत्युपत्रात गोष्ट सांगू नका, मिळकत सांगा. पण या मिळकतीला गोष्टीशिवाय अर्थ नाही.

१९९६ च्या दिवाळीत सुमंत अमेरिकेहून आला तेव्हा त्याने अपूर्वसाठी व्हिडिओ गेमची एक कॅसेट आणली. निळा पुठ्ठ्याचा डबा, त्यावर हातात दिवा घेतलेला एक पाणबुड्या, आणि वरून कारखान्यातले पारदर्शक प्लास्टिकचे वेष्टन. ती कॅसेट ज्या मशीनवर चालते ते मशीन मात्र आणले नव्हते. सामानाचे वजन जास्त होत होते म्हणाला. “पुढच्या दिवाळीला मशीन, भाचेबुवा, प्रॉमिस.”

मी अपूर्वला म्हटले, उघडून तर बघ. तो म्हणाला, “नाही आई. मशीन आलं की दोन्ही एकदम उघडू.” रोज शाळेतून आला की डबा कानाशी धरून हलवायचा. “आत हलतंय,” म्हणायचा.

पुढच्या दिवाळीला सुमंतला सुट्टी मिळाली नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीला अपूर्व नव्हता.

डबा माझ्या कपाटात राहिला. दर वर्षी अपूर्वच्या वाढदिवसाला मी तो काढून कोरड्या फडक्याने पुसत असे. पाठीमागे मधोमध प्लास्टिकचा आडवा जोड होता. त्याचे एक टोक सुटले होते आणि फडके तिथे दर वेळी अडकायचे. मी ते अलगद सोडवून घ्यायची. एवढेच माझे व्रत. पूजा नाही, उदबत्ती नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सुमंतने तो डबा पाहिला. हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करत राहिला. मला वाटले, भाच्याची आठवण आली. मग म्हणाला, “ताई, कपाटात बुरशी धरेल याला. मी काचेसारख्या पेटीत बसवून आणतो, कायमचा राहील.” दीड महिन्याने पेटीसकट घेऊन आला. “आता याला हात लावायची गरजच नाही,” म्हणाला. मी डोळे पुसले आणि त्याला पाटवडीचा रस्सा करून वाढला. दोनदा मागून खाल्ला त्याने.

या वर्षी वाढदिवसाला मी पेटी उघडली, डबा बाहेर काढला आणि पुसला. फडके कुठेही अडकले नाही.

नूपुरला फोन केला. ती म्हणाली, “आई, पेटीत बसवताना टोक दबलं असेल. मामा असं कशाला करेल?” मलाही तेच खरे वाटायला हवे होते. पण प्लास्टिक ढोलकीसारखे ताणलेले होते. जुने तसे नव्हते. जुने कोपऱ्यांवर ढिले पडले होते आणि दाबले की कुरकुरायचे.

माझ्या दातांच्या डॉक्टर उन्नती मेश्राम यांना जुन्या व्हिडिओ गेमचा नाद आहे. त्यांच्या दवाखान्यात रोग्यांच्या खुर्च्यांसमोर काचेच्या फळीवर असे डबे मांडलेले आहेत. मी डबा पिशवीत घालून तिथे नेला. त्यांनी दाढ तपासायचा दिवा डब्यावर ओढला, डोळ्यांवर भिंग चढवले आणि फळीवरचा त्याच कंपनीचा, त्याच काळातला एक बंद डबा शेजारी ठेवला.

“काकू, हा खरा. याच्या पाठीवर मधातून आडवा जोड आहे, दिसला? आता तुमचा पाहा. पाठ कोरी. जोड इकडे कडेवर आहे, आणि बोट फिरवा, दोऱ्यासारखं टोचते. दुकानात पाकिटं चिकटवायच्या मशीनीनं असं होते.”

बोट फिरवले. टोचले.

मग त्यांनी दिव्याखाली डबा तिरका धरला. प्लास्टिकवर सुईच्या टोकाएवढी भोके ओळीने होती. गरम हवेने प्लास्टिक आवळताना आतली हवा निघून जावी म्हणून बाजारातल्या गुंडाळीला ती असतात, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या डब्यावर एकही भोक नव्हते. शेवटी त्यांनी कोपरे दाखवले. पुठ्ठा झिजून पांढरा पडला होता, आणि नेमक्या त्या कोपऱ्यांवरचे प्लास्टिक नवे कोरे, एक ओरखडा नाही.

“झीज बाहेरून आत जाते, काकू. वरची कॅप चकाचक अन् खालचा दात किडलेला, म्हणजे कॅप मागाहून बसवली.” मग म्हणाल्या, “एकट्या खुणेवर मी बोलली नसती. एखादी खूण फसवते. इथं तिन्ही एकच गोष्ट सांगून राहिल्या. हे कोणीतरी पुन्हा गुंडाळलं आहे.”

मी विचारले, असे कोणी का करील? त्यांनी मला सांगितले की असे न उघडलेले डबे परदेशात लिलावात जातात, आणि काय भावाने जातात. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. माझ्या मुलाच्या वस्तूपुढे तो लिहायला माझा हात तयार नाही.

पुढच्या रविवारी मी सुमंतला जेवायला बोलावले. नूपुरही आली. ताटे वाढायच्या आधी मी डबा टेबलावर ठेवला आणि विचारले, “सुमंत, याचं प्लास्टिक कोणी बदललं?”

तो दचकला नाही. उत्तर तयार होते. “अगं ताई, पेटीत बसवताना ते फाटलं. तुला वाईट वाटेल म्हणून नवं लावून घेतलं. आतली कॅसेट तीच आहे.”

नूपुरने सुटकेचा श्वास सोडला. “बघ आई, मी म्हटलं नव्हतं?”

“मग उघडून बघू,” मी म्हटले.

तेव्हा तो माझ्याकडे पाहून हसला. माझा भाऊ. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवले तो. “तू उघडणार? अपूर्वने न उघडलेला डबा? तुझ्याच्याने होईल, ताई?”

या मृत्युपत्रातला सगळा राग त्या हसण्यावर आहे. चोरीवर एवढा नाही. चोर कुलूप बघून चोरी करतो. याने माझे दुःख बघून केली. मुलगा गेलेली बाई या प्लास्टिकला कधी हात लावणार नाही, असा त्याचा हिशोब होता, आणि मला फडके अडकले नाही हे कळले नसते तर तो हिशोब बरोबरही आला असता.

मी सुरी आणली. आतली कॅसेट तीच असती, तर मी काय केले असते ते मला आजही माहीत नाही. प्लास्टिक चिरले, झाकण उघडले. आत चिकटपट्टीचे डाग पडलेली, वापरून घासलेली एक कॅसेट होती. तिच्या पाठीवर कोण्या मुलाने जाड काळ्या शाईने स्वतःचे नाव लिहिले होते. इंग्रजीत, वाकड्यातिकड्या अक्षरांत.

नूपुरने ते वाचले आणि विचारले, “मामा, ब्रायन कोण?”

सुमंतने कॅसेट तिच्या हातातून घेऊन पालथी ठेवली. मग बोलला ते असे: “तो डबा तिकडे अमेरिकेत एका संग्राहकाला विकला, हा वापरलेला तिथूनच मागवला. ताई, तीस वर्षं कपाटात ठेवून तरी काय उपयोग होता? तो काही परत येऊन खेळणार नव्हता. अर्धे तुझे, मी आजच देतो.”

मी काही म्हणायच्या आत नूपुर उठली, दार उघडले आणि म्हणाली, “मामा, चपला घाला.” ताटे तशीच राहिली. तो गेल्यावर ती माझ्या खांद्यावर डोके टेकून म्हणाली, “मी त्याची बाजू घेतली गं.” म्हणून इथे नोंदवून ठेवते: नूपुरवर माझा राग नाही. मामावर विश्वास ठेवणे हा गुन्हा नव्हे. मीही त्याला रस्सा वाढला होता.

पोलिसांत जा, असे उन्नती मेश्राम म्हणाल्या. मी गेले नाही. तक्रारीत वस्तूचे मूल्य लिहावे लागते.

कलम ५. सुमंत गोविंद देशकर याला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. आईच्या पाटल्या, ज्यांवर तो मधूनमधून हक्क सांगतो, त्या आईने मला दिल्याचे सगळ्यांना ठाऊक आहे, त्या नूपुरच्या. माझ्या अंत्ययात्रेचा निरोप त्याला धाडू नये. कळून आलाच तर घालवून देऊ नये, पण खांदा देऊ देऊ नये. अग्नी नूपुरने द्यावा. घाटावर कोणी नाक मुरडले तर हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. आणि हे नूपुरसाठी: सुमंतवरचा माझा राग ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती मी कोणालाही देत नाही. तुला मामाशी बोलायचे असेल तर बोल, नसेल तर नको. मेल्यावर मी बघायला येणार नाही.

कलम ६. ब्रायन नावाच्या मुलाची कॅसेट डॉ. उन्नती मेश्राम यांना द्यावी. त्याचे कारण असे.

त्या रविवारनंतर ती कॅसेट मी कचऱ्यात टाकणार होते. नूपुरने टाकू दिली नाही. डॉक्टरांकडे ते मशीन आहे. दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी ते टीव्हीला जोडले. कॅसेट आधी लागेना. त्यांनी तिचे तोंड कापूसबोळ्याने पुसले, मग लागली. निळा पडदा आला, आणि त्यात तो पाणबुड्या खाली खाली जाऊ लागला.

नूपुर स्टुलावर बसून खेळत होती. चाळिशीला टेकलेली बाई, पर्स अजून खांद्यालाच. अंधाऱ्या पाण्यात ती पुन्हा पुन्हा मरत होती. “ताई, दिवा विझवा त्याचा,” डॉक्टर म्हणाल्या. “विझवू? मग दिसेल कसं?” “विझवून तर पाहा.” तिने विझवला, आणि सगळा समुद्र उजळला. मासे, शेवाळ, तळाचे दगड, सगळे आपापल्या उजेडात. नूपुर लहान मुलीसारखी किंचाळली. मीसुद्धा खुर्चीतून पुढे झुकले.

खेळ चांगला निघाला. मला तो वाईट निघायला हवा होता. तो चांगला निघाला याचा राग मला सुमंतच्या चोरीपेक्षा जास्त आहे. मशीन आणले नाही, सामानाचे वजन होते म्हणे.

कलम ७. अपूर्वचा मूळ डबा आज परदेशात कोणा अनोळखी माणसाकडे आहे. चोरीने मालकी जात नाही, हे मी नोकरीतच शिकले. तो डबा माझा आहे आणि तो मी या कलमान्वये नूपुरला देते. जोड, भोके आणि कोपरे कसे पाहायचे ते वर लिहिलेच आहे. परंतु तो कधी परत आलाच, तर नूपुरने काहीही तपासत बसू नये. जपूनही ठेवू नये. त्याच दिवशी प्लास्टिक फाडावे आणि खेळावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे जुने सहकारी श्री. धम्मानंद गजभिये यांनी करावी. त्यांनी ते कबूल केले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि हे बदलण्याचा विचार नाही.

नागपूर, दिनांक २१ ऑगस्ट २०२५

शोभा कृष्णकांत पांढरीपांडे
(सही)

शोभाबाईंनी हा मजकूर आम्हां दोघांना वाचून दाखवला व आमच्या देखत त्यावर सही केली. वाचताना त्या दोन वेळा थांबल्या. पाणी दिल्यावर पुढे वाचले.

साक्षीदार:
१. नत्थूजी लांजेवार, प्रतापनगर, नागपूर (सही)
२. इंदुताई सरोदे, प्रतापनगर, नागपूर (सही)