राखणदाराच्या चढासाठी क्यामशाफ्ट

बेळगाव क्यांप,
ता. २ मे १९२७

ती. स्व. गुणादादास, वासूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मोटारीबद्दल चार ओळी आणि मला बोलणी दोन पानं, हे वाचून आमच्या कारखान्याचे मिस्त्री पोट धरून हसले. दादा, इंजिनाच्या झडपा उघडमिट करणारा तो उंचवट्यांचा दांडा, क्यामशाफ्ट, तेलाकडे न बघता उतारूंची मोटार हाकून तुम्हीच झिजवलात. मी बेळगावात बसून कसा झिजवीन?

तुमच्या मोटारीला बसतील असे दोन दांडे इथं आहेत. एक माल वाहणाऱ्या लॉरीतला, बुटक्या उंचवट्यांचा. दुसरा एका साहेबाच्या शर्यतीच्या मोटारीतला. त्याचे उंचवटे मोठे, झडपा जास्त उघडतात आणि इंजिन भरपूर हवा ओढतं. एवढ्या दांडग्या इंजिनाला लॉरीचा दांडा घालणं म्हणजे पैलवानाला पेजेवर ठेवणं. म्हणून शर्यतीचा निवडला आणि रेल्वेनं लोंढ्याला पाठवला आहे. कुळगीचा चढ खालूनच वेगानं घ्या, एका दमात वर जाल. मागच्या खेपेला पुतळीताई कुळगीच्या सासरहून बाळंतपणाला बैलगाडीचे हादरे खात माहेरी आली आणि तिचं मूल गेलं. या खेपेला तिला मोटारीतून अलगद आणा.

आईला नमस्कार. धाकट्यावर राग थोडा आणि माया पुष्कळ ठेवावी.

आपला,
वासू

जगलबेट,
ता. १२ मे

चि. वासूस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

लोंढ्याच्या शंकर फिटरनं तुझा दांडा बसवला. सपाटीवर मोटार अशी पळते की कोंबड्या, म्हशी आणि फॉरेस्टचे गार्ड सगळे रस्ता सोडून पळतात. याबद्दल तुझी पाठ थोपटून घे, कारण पुढचं वाचल्यावर थोपटवणार नाही.

अरे शहाण्या, कुळगीच्या चढाच्या मध्यावर वाट राखणाऱ्या देवाचं, राखणदाराचं ठाणं आहे. तिथं थांबून नारळ दिल्याशिवाय आपल्या मुलखातली बैलगाडीसुद्धा पुढं सरकत नाही. इथंच वाढलास ना तू? मी थांबलो, नारळ फोडला आणि निघायला गेलो, तर इंजिनात जीवच नाही. तुझ्या दांड्याला जोर येतो तो वेगात. जागेवरून उचलायचं म्हटलं की इंजिन धापा टाकून बंद. मोटार मागं दरीकडे घसरली. क्लीनर लखूनं चाकाखाली धोंडा लोटला म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. मग सगळ्या उतारूंनी ढकलत वर नेली आणि वरपर्यंत माझा उद्धार केला.

आता सांग, भरल्या दिवसांच्या बहिणीला मी या मोटारीत कसा बसवू? मुकाट्यानं लॉरीचा दांडा पाठव. पुतळीचे दिवस जवळ आले आहेत.

तुझ्या डोक्यात अक्कल वाढो हा आशीर्वाद.

गुणाजी

बेळगाव क्यांप,
ता. १७ मे

ती. स्व. दादास, सा. न. वि. वि.

चुकलो. मी कागदावर चढ मांडला, वजन मांडलं, पण राखणदाराला मांडायचं राहिलं. लॉरीचा दांडा मात्र एका ठेकेदारानं नेला. दुसरा मुंबईहून मागवला आहे, आला की मीच घेऊन येतो. तोवर पुतळीताईला आणायची वेळ आलीच, तर एक खेप न थांबता जाता येणार नाही का? आईला विचारून बघा. मला भीती वाटते, दादा, म्हणून लिहिलं. रागावू नये.

आपला,
वासू

जगलबेट,
ता. ४ जून

चि. वासूस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

दांडा आणू नकोस. तो खोलायचे पाने तर मुळीच आणू नकोस. कारण ऐक.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. राखणदाराशी न थांबायचं लिहिलंस तू, पण आईनं अबोला धरला माझ्याशी. मग परवा कुळगीहून निरोप आला की पुतळीच्या पोटात दुखू लागलं आहे. कुळगीत सुईण नाही, आपली फुला सुईण जगलबेट सोडून कुठं जात नाही. आईला घेऊन गेलो, पुतळीला बसवलं आणि निघालो. चढ लागला तसा मी वेग वाढवला. थांबलो तर दरी, न थांबलो तर राखणदार. ठाणं दिसलं आणि सवयीनं पाय ब्रेकवर गेला. मागून आई म्हणाली, "गुणा, थांबू नको. राखणदार हाय त्यो, त्याला काय कळत न्हाई व्हय? चल पुढं."

मी गेलो. मागं वळून बघितलं नाही.

आता आईचं म्हणणं असं की ज्या दांड्यानं पुतळीला घरी आणलं त्याला कुणी हात लावायचा नाही. म्हणजे यापुढं उतारू पायथ्याशी उतरणार, चालत ठाण्याशी जाणार, नारळ देणार, चालतच वर येणार, आणि मी वर रिकामी मोटार घेऊन त्यांची बोलणी खायला बसणार. शंकर फिटर तर मला बघून तोंड फिरवून हसतो. हे सगळं तुझ्यामुळं. तरी मी आईशी वाद घालत नाही.

कारण मागच्या खेपेला मी ओसरीवर बसलो होतो, आणि आतून फक्त पुतळीचं रडणं ऐकू आलं होतं. काल त्याच ओसरीवर पहिल्यांदा तिच्या पोरीचं ऐकलं.

बारशाला रिकाम्या हातांनी ये. मामावर लोभ तिनं आत्ताच धरला आहे असं समज.

गुणाजी