निर्दोष प्रोग्राम सापडेपर्यंत

३ मार्च
ही गेली त्याला दोन महिने झाले. मुलगी म्हणते, आता आमच्याकडेच राहा. जायचं आहेच. पण रोज जेवणानंतर हिच्याशी बुद्धिबळ खेळायची सवय. तिकडे कोण खेळणार? मुलीला घोडा कसा चालतो तेही माहीत नाही. म्हणून ठरलं, आधी कॉम्प्युटरवर चांगला प्रोग्राम शोधायचा. सापडला की त्याच दिवशी निघायचं. शब्द दिला आहे. चार दिवसांचं काम.

५ मार्च
पहिला म्हणे जगज्जेत्यांनाही हरवतो. मला हरवलं. त्यात काय मोठेपणा? बाद.

९ मार्च
दुसऱ्यात लेव्हल आहेत. सर्वांत सोपी घेतली. हरलो, पण उजेड नीट नव्हता. शिवाय हा विचारच करत नाही. आपण अर्धा तास डोकं खाजवायचं आणि याने पापणी लवायच्या आत वजीर उचलायचा. माणसाचा काही मान? बाद.
मुलीचा फोन. म्हटलं, घाई करू नकोस.

१६ मार्च
तिसरा चुका समजावून सांगतो. फार सांगतो. बाद.
उद्यापासून सकाळी फिरायला जायचं.

१७ मार्च
गेलो नाही. चौथा डाउनलोड होत होता.

२४ मार्च
चौथा गोडबोल्या. हत्ती फुकट घालवला तरी म्हणतो, "छान प्रयत्न!" ही म्हणाली असती, "अहो, झोपलात की काय?" स्वतःची चाल मात्र तीन-तीनदा परत मागायची. चाल परत मागणारा प्रोग्राम अजून कुणी केलेला नाही. हाच खरा निकष, असं मुलीला कळवलं. निवांत झोप लागली.

३० मार्च
जावयाने एक पाठवला. प्रोग्रामिंग हेच त्याचं काम. म्हणाला, "बाबा, यात थोडे बदल केलेत." सावकाश खेळतो. जेमतेम हरवतो, जेमतेम हरतो. आणि मध्येच स्क्रीनवर आलं: "अहो, ही चाल परत घेऊ?"
पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात बराच वेळ उभा होतो. पाणी प्यायचं राहिलं.

३१ मार्च, दुपार
सकाळपासून दोष शोधतोय. मुलीचा फोन आला. म्हटलं, पटाचा रंग डोळ्यांना खुपतो, अजून एक-दोन बघावे लागतील. म्हणाली, "बरं बाबा. जरा खिडकीतून खाली बघा ना."
गाडी. जावई डिकी उघडून हात हलवतोय.
बॅग भरतो म्हटलं. कपाटं पाहिली, पलंगाखाली पाहिलं. बॅगा कुठे असतात ते हिलाच ठाऊक.