तीन नंबरच्या नळीचं तोंड

२४ जून

१६.८ अंश! मे महिन्यात १४ होतं. रुग्णालयाच्या विहिरीतून वर येणारं पाणी दर आठवड्याला तापत चाललंय. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि बाळंतिणींच्या वॉर्डात गारवा धरत नाही. मुख्य डॉक्टरीणबाईंचा फोन — "बाई, तुमच्या योजनेत कुठेतरी पाणी मुरतंय." त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

रचना साधी. एका विहिरीतून जमिनीखालचं गार पाणी घ्यायचं, इमारतीतली उष्णता त्याला द्यायची आणि ते कोमट पाणी दुसऱ्या विहिरीत परत सोडायचं. हिवाळ्यात त्याच पाण्यातून ऊब. एकच अट — परतीची विहीर भूजलाच्या प्रवाहात खालच्या अंगाला हवी, म्हणजे कोमट पाणी दूर निघून जातं. ती तिथेच आहे. मी स्वतः मोजलंय! म्हणजे चूक दुसऱ्या कुणाची तरी.

२५ जून

बैठकीत सांगून टाकलं — विहिरीच्या नळीभोवतीचं मातीचं बूच नीट बसलेलं नाही, वरच्या थरातलं तापलेलं पाणी आत झिरपतंय. बूच दादाचं. दोन्ही विहिरी त्यानंच खोदल्या. बोअरच्या धंद्यात पंचवीस वर्षं गेली त्याची. समोरच बसला होता. एवढंच म्हणाला, "बूच पक्कं आहे."

मी म्हटलं, "आकडे तसं म्हणत नाहीत."

सख्खा भाऊ! पण कामात नातं आणायचं नाही, हे त्यानंच शिकवलंय मला. रुग्णालयाच्या नव्या इमारतीच्या विहिरी आता दुसरा कुणीतरी खोदणार.

२८ जून

दादाच्या हातचं आणखी एक काम गेलं. बातमीला पाय फुटलेत. वहिनी फोनवर म्हणाली, "धड जेवत नाहीत हो." दादा माझा फोन घेत नाही.

३० जून

विहिरीत कॅमेरा सोडला, पार तळापर्यंत. बूच पक्कं आहे. थेंबसुद्धा झिरपत नाही.

२ जुलै

सापडलं. कामावरची जुनी वही.

प्रवाहाची दिशा काढायला आवारात तीन बारीक नळ्या पुरल्या होत्या. नळीच्या तोंडापासून पाणी किती खोल ते मोजायचं, तोंडाच्या उंचीतून वजा करायचं. जिथे पातळी कमी, तिकडे पाणी वाहतं. वहीत दादाचं अक्षर — 'नळी नं. ३ ला ट्रक घासला. तोंड ४० सें.मी. वाढवलं.' खाली माझी सही. आणि मी वजाबाकी केली ती जुन्या उंचीतून! म्हणून तिथली पातळी ४० सें.मी. खाली दिसली.

अख्ख्या आवारात पातळीचा फरक वीतभरसुद्धा नाही. पाणी तीनकडे जात नाही, तीनकडून येतं. परतीची विहीर मी नेमकी वरच्या अंगाला घातली. आपणच सोडलेलं कोमट पाणी आपणच पुन्हा उपसतोय.

आणि खापर फोडलं दादाच्या डोक्यावर. चारचौघांत. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

३ जुलै

रडून झालं. आता काम.

उपाय आहे! विहिरींची अदलाबदल. परतीच्या विहिरीतून पाणी घ्यायचं, आजवर उपसत होतो तिथे सोडायचं. दोन्ही एकसारख्या आहेत म्हणून जमेल. परतीची लहान चालेल म्हणून मी तेव्हा हट्ट धरला होता. दादा म्हणाला होता, "जोडी आहे, जोडीसारखी राहू दे." ऐकलं ते बरं केलं.

आत्ताच जाऊन सांगावं का त्याला? नको. नुसतं 'चुकले' म्हणत कुठल्या तोंडानं जाऊ! आधी पाणी गार करून दाखवायचं. आकडा हातात आला की डॉक्टरीणबाईंसमोर सगळं सांगायचं आणि दादाचं काम त्याला परत मिळवून द्यायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

५ जुलै

पंप हलवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीही करा, पण थंड करा." प्लंबर दिवसभर कुरकुरत होता — "येणारं ते जाणारं, जाणारं ते येणारं! नकाशा उलटा धरला होता का, बाई?"

"तसंच समजा," म्हटलं.

६ जुलै

१९.१. इतके दिवस इथेच कोमट पाणी सोडलेलं, ते आधी निघून जायला हवं. वाट पाहायची. उतरेल!

८ जुलै

१७.३. आणखी थोडं.

१० जुलै

१४.४!! वॉर्डात एका बाळंतिणीनं पांघरूण मागितलं म्हणे. मी पंपाच्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

११ जुलै

वही उघडून टेबलावर ठेवली. म्हटलं, "चूक माझी. बूच पक्कं होतं. सही बघा, माझीच आहे."

डॉक्टरीणबाईंनी ते पान दोनदा वाचलं. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"दोन तारखेला."

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नव्या विहिरी तुमचे भाऊच खोदतील. लेखी देते." खरंच दिलं! पत्र पर्समध्ये आहे, दहा वेळा काढून पाहिलं. उद्या सकाळी दादाकडे.

१२ जुलै

दादाच्या आवारात बोअरचं मशीन नाही. जमिनीवर तेलाचा डाग तेवढा.

वहिनीनं पत्र वाचून घडी घालून माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, "सहा तारखेला विकलं हो."