दहा वाजताची हजेरी

भिलाई, सेक्टर ७
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५, दुपार

प्रिय सुमेध,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील. आम्ही दोघी बऱ्या आहोत.

पत्र कुठे टाकायचं ते कळेना. तुझा पत्ता दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. चिआंग माई झालं, बाली झालं, आता व्हिएतनामचं दा नांग. म्हणून तुझ्या लॅपटॉपवरच लिहायला बसले. शाळेत प्रश्नपत्रिका मीच टाइप करायची, बोटं अजून विसरलेली नाहीत. उद्या दहा वाजता मी अंगठा ठेवला की तिकडे साडेअकराला तुझ्या पडद्यावर सगळ्यात आधी हेच दिसेल. तुझ्या कंपनीला ते वाचता येतं की नाही, मला माहीत नाही. येत असेल तर येऊ दे.

आधी घरचं. फिजिओथेरपीवाला रोशन आठवड्यातून दोनदा येऊन आईचा व्यायाम घेऊन जातो. लकव्याने गेलेला उजवा हात तसाच आहे, पण परवा उजव्या पायाची बोटं हलली. तो म्हणाला, "दीदी, ये बहुत है." बोलणं अजून "बस" या एकाच शब्दावर अडलंय. पाणी हवं तरी बस, नको तरी बस. कोणतं बस कोणतं, ते आता मला कळतं. मागच्या अंगणातल्या पेरूला या वर्षी इतके पेरू आले की शेजारच्या बेबीताईंना रोज टोपलीभर देते.

बेबीताईंनी मला विचारलं होतं, तुझा भाऊ तिकडे नेमका करतो तरी काय. मी तू शिकवलेलं सांगितलं, की त्याला डिजिटल नोमॅड म्हणतात, काम सोबत घेऊन देशोदेशी फिरायचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडं धनगर मेंढ्या घेऊन फिरतेत, त्यायले कोणी एवढं कौतुकाचं नाव नाही देलं. आन याच्या मेंढ्या तं इथं तूच सांभाळून राहिली."

मी हसले तेव्हा. घरी आल्यावर हसू आलं नाही.

तर तुझी मेंढी, म्हणजे हा कंपनीचा लॅपटॉप, बरी आहे. खिडकीशी, बाबांच्या टेबलावर, झाकण उघडं. शेजारी तू पाठवलेली काळी डबी, जिच्यातून तू तिकडे बसून हा लॅपटॉप चालवतोस, तिचा हिरवा दिवा चालू. इन्व्हर्टरमध्ये पाणी भरलंय. गेल्या आठवड्यात दोनदा लाइट गेली, पण तुला कळलंही नसेल. चौदा महिने झाले, सुमेध. कंपनीला सकाळी एकदा बोट लागतं, म्हणून तू जाण्याआधी माझा अंगठा त्यात घालून गेलास. सहा महिन्यांचाच प्रश्न आहे म्हणाला होतास. तेव्हापासून मी रोज दहाच्या आत आईचं आंघोळपाणी उरकते, पदराला हात कोरडा पुसते, कारण ओलं बोट ते घेत नाही, आणि तुला कामावर हजर करते. एकदा ताप होता तरी उठले. बेबीताईंच्या नातीच्या बारशाला अकराला गेले.

यातलं खोटं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते तुझ्या एकट्याच्या माथी मारणार नाही. खरं सांगू? मला ते थोडं आवडायचंही. या घरात सकाळी दहा वाजता कोणाचं तरी काम माझ्यावाचून अडतं, असं वाटायचं.

बाबांची मात्र आठवण यायची. तू लहान होतास, तुला शामराव मामाचं ते प्रकरण ठाऊक नसेल. बाबा प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला, मामा तिथेच कोक ओव्हनला कामगार. मामाला चार दिवस वरुडला जायचं होतं आणि रजा शिल्लक नव्हती. तो घरी येऊन आईसमोर बसला, दाजींना सांग म्हणाला, चार दिवस तेवढं कार्ड पंच करून घ्या. आई बाबांच्या मागे लागली, रडली. बाबा जेवत होते. ताटावरून मान न उचलता म्हणाले, "जो आला नाही, त्याले आला कसं लिवू?" मामा पुढे दोन वर्षं आपल्या दारात आला नाही. बाबांच्या त्याच टेबलावर मी रोज तुला आला लिहिते.

आता मुद्द्याचं. लांबवून काही उपयोग नाही.

मंगळवारी तुझ्या नावाने कुरियर आलं. तू सांगितलेलं आहे, येईल ते उघडून बघ, म्हणून उघडलं. आत आईसाठी एक शाल होती, मोरपंखी, मऊ. तुझ्या कंपनीचं मासिक होतं आणि मॅनेजरच्या सहीचं कार्ड. शाल मी आईच्या अंगावर घातली. तिने डाव्या हाताने ती चाचपली आणि बस म्हणाली. हे हवं असल्याचं बस होतं. तेव्हापासून ती काढू देत नाही.

मासिकात तुझ्यावर दोन पानं आहेत. सगळ्यांना हैदराबादच्या ऑफिसात परत बोलावलं तेव्हा तुला घरूनच काम करायची सूट का मिळाली, ते मला त्यातून कळलं. मला तू सांगितलं होतंस की तुझं काम चांगलं आहे म्हणून. तिथे लिहिलंय की तू भिलाईत राहून लकवा झालेल्या आईची सेवा करतोस.

तेही मी गिळलं असतं. खोटं बोलल्याशिवाय सूट मिळाली नसती, असं स्वतःला सांगितलं असतं. पण पुढे तू सांगतोस, "जेवताना मी आधी तिच्या डाव्या हातात एक रिकामा चमचा देतो. मग दुसऱ्या चमच्याने भरवतो. तिला वाटतं, ती स्वतःच जेवते आहे."

सुमेध, तो चमचा सापडायला मला पाच महिने लागले होते. पाच महिने ती तोंड मिटून घ्यायची, ताट ढकलून द्यायची. ज्या दिवशी ती पोटभर जेवली, त्या दिवशी मी आनंदाने तुला फोटो पाठवला. तोच फोटो छापलाय. आईचा हात आहे, चमचा आहे. माझा हात मनगटाशी कापलाय. नीट पाहिलं तर बांगडीची कड राहून गेली आहे.

आणि त्याखाली ती दुसरी गोष्ट. आई उठायला तयार नसते तेव्हा मी तिला सांगते, बाबा ड्यूटीवरून येतच आहेत. मग ती एका हाताने पदर सावरते, ताठ बसते, दाराकडे बघते. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा रडत होते. तिला रोज फसवते म्हणून मला पाप लागल्यासारखं वाटत होतं, आणि तुझ्याशिवाय ते सांगायला मला कोणी नव्हतं. तू म्हणालास, "ताई, तू कावून रडून राहिली, ती तर खूश होते ना." मला किती हलकं वाटलं होतं. ते तू छापायला दिलंस. माझं पाप तुझ्या नावावर गेलं आणि त्याचं पुण्य झालं.

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. "घरात दुसरं कोणीच नाही."

मागच्या दिवाळीत मी तुला विचारलं होतं, मलाही असं घरबसल्या काही काम मिळेल का, टायपिंगचं, मुलांना शिकवण्याचं. तू म्हणाला होतास, "ताई, त्याच्यासाठी माणूस मोकळा पाहिजे." ते मी मान्य केलं, पुन्हा विषय काढला नाही. आता वाटतं, मोकळं कोणाच्या जिवावर व्हायचं, ते विचारायला हवं होतं.

गुरुवारी तुझ्या कंपनीतल्या करिष्मा मॅडमचा फोन आला, मासिक काढतात त्या. आवाज गोड आहे. रायपूरला काही कामाने येत आहेत, येत्या गुरुवारी अकराला आपल्याकडे यायचं आहे, तुझा आणि आईचा छोटा व्हिडिओ काढायला. तुला चकित करायचं म्हणून त्यांनी घरचा नंबर लावला. मी कोण, म्हणून विचारलं. मी काही सांगण्याआधी त्याच म्हणाल्या, "आप उनके यहाँ काम करती हैं?"

मी म्हणाले, "जी."

तुला वाचवायला म्हणाले. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात गेले आणि कशाला आले होते ते आठवेना.

मग तुला कळवलं. वाटलं, आता तरी काही म्हणशील. चुकलं म्हणशील. तुझा लगेच फोन आला आणि तू म्हणालास, "बुधवारी आईले दोन दिवस ॲडमिट करून टाक न ताई. चेकअप पण होऊन जाईल, आन मी मॅडमले सांगून देतो, हॉस्पिटलमध्ये आहो म्हणून."

मागच्या वेळी ॲडमिट केलं तेव्हा आईने चार दिवस अन्न घेतलं नव्हतं, नर्सचा हात दिसला की डोळे मिटायची. ते तुला माहीत आहे. तेही मीच सांगितलं होतं. माझं सगळं तुला पाठ आहे, सुमेध, फक्त उपयोगाचं तेवढं आठवतं.

मी आईला कुठेही नेणार नाही.

करिष्मा मॅडमना आज सकाळी फोन केला. म्हटलं, जरूर या, पेरू आहेत, जेवूनच जा. आणि एवढं सांगितलं की त्या दिवशी माझं चुकीचं बोलणं झालं, मी इथे कामाला नाही, मी या घरची मुलगी आहे. तू कुठे आहेस ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गुरुवारी विचारतील तेव्हा सांगीन. न विचारता गेल्या तरी दारात सांगीन. तोवर चार दिवस आहेत. तू आधी सांगितलंस तर मला सांगावं लागणार नाही.

तुझी नोकरी गेली तर मला वाईट वाटेल. ते कोरडेपणाने लिहीत नाही. तुझं पहिलं ऑफर लेटर आईने देवाजवळ ठेवलं होतं, अजून तिथेच आहे. पण बाबांनी न आलेल्याला आला लिहिलं नाही एवढंच. तू घरात असलेल्या माणसाला घरात नाही असं लिहिलंस. त्यासाठी टाइम ऑफिसात काय शिक्षा होती, बाबांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक तसं कधी कोणी केलंच नसेल.

बुधवारपर्यंत आलास तर ये. घर तुझंही आहे. गुरुवारी मॅडमसमोर आईला तूच भरव. चमचा कोणत्या हातात द्यायचा ते तुला पाठच आहे. तोंड उघडेपर्यंत किती वेळ थांबायचं, ते मात्र छापलेलं नाही. ते मी शिकवीन.

उद्याचा अंगठा देते, म्हणजे हे तुला वाचता येईल. मंगळवारपासून दहा वाजता मी आईचे केस धुणार आहे. बरेच दिवस राहून गेलं आहे. हात ओले असतील.

तुझी ताई,
शिल्पा मारोतराव काळमेघ
हजर